चिलटांच्या नादी लागून

निवृत्तीनंतर लोक सतार शिकतात, नातवंडं सांभाळतात, गेला बाजार भिशी तरी लावतात. मी चिलटं बघते. संध्याकाळी तळ्याकाठी डोक्यावर घोंगावणारे आणि सकाळी जिन्यातल्या दिव्याखाली मरून पडलेले ते डासासारखे किडे. चावत नाहीत. शास्त्रातलं त्यांचं कुल कायरोनोमिडी. वर्णन झालेल्या जाती सात हजारांच्या वर आहेत, आणि वर्णनाची वाट पाहणाऱ्या किमान तेवढ्याच असाव्यात असं जाणकार मानतात. जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं असलं तरी या विषयात मी हौशीच. वहीच्या मागच्या पानांवर वेळोवेळी जे खरडत गेले तेच जरा नीट लिहून काढलं आहे.

१. ज्याची ओळखच ‘न चावणारा’ अशी करून द्यावी लागते, त्याची बाजू पहिल्यापासून लंगडी. आमच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर्तमानपत्राच्या कपट्यावर एक चिरडलेला जीव घेऊन आल्या. “मॅडम, हा डेंग्यूचा का हो?” म्हटलं, काकू, हा डासच नाही. त्यांना पटेना. मग जिन्यात भिंतीवर बसलेला जिवंत नमुना दाखवला. डास बसला की बहुधा मागचे पाय उचलून धरतो, हा पुढचे उचलतो. डासाला सोंड असते, याला नाही. डासाच्या पंखांवर शिरांच्या कडेनं खवले असतात, याच्या नसतात. मिशांवर मात्र विसंबू नका, झुपकेदार मिशा दोघांच्याही नरांना असतात. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं, “बरं” म्हणाल्या आणि हातातली बॅट चालवली. चट्ट! राग यायला हवा होता, पण हसू आलं. माझ्या सांगण्यात ‘नाही’खेरीज होतंच काय? प्रौढ कायरोनोमिडचं तोंड खुंटलेलं असतं. पुष्कळसे काही खातच नाहीत, काही फुलातला मध किंवा माव्यानं सोडलेला गोड चिकटा चाखतात, आणि थोड्याच दिवसांत मरतात. ते करतात काय, हे सांगायचं तर भिंतीवरची नजर काढून चिखलात घालावी लागते.

२. इतकी वर्षं मी मुलांना कायरोनोमसची अळी फाडायला शिकवली, पण अळीकडे बघायचं कधी सुचलं नाही. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे प्रॅक्टिकल आठवत असेल. डोकं सुईनं ओढायचं, पाठोपाठ लाळग्रंथी बाहेर येतात, त्या रंगवून काचेखाली दाबायच्या, आणि सूक्ष्मदर्शकात पट्ट्यापट्ट्यांची अगडबंब गुणसूत्रं. १८८१ मध्ये बाल्बियानीनं ती याच अळीत पहिल्यांदा पाहिली. त्यावरचे फुगीर भाग आजही ‘बाल्बियानी कडी’ म्हणून ओळखले जातात. तिथे जनुकं जोमानं कामाला लागलेली असतात. हे सगळं मी तोंडपाठ सांगायचे. ती जनुकं एवढी राबतात कशासाठी, तर त्या ग्रंथीतून रेशमासारखा धागा निघतो आणि त्या धाग्यानं अळी घर बांधते, हे मात्र वर्गात कधी ओघात आलं नाही. ग्रंथी काढली की उरलेली अळी बेसिनमध्ये जायची.

आणि अळ्या आणायचे कोण? प्रयोगशाळेतले मामा. कुठल्या गटाराच्या कडेला लाल अळ्या भेटतात, कुठे फक्त वळवळे किडे मिळतात, मोठा पाऊस झाला की किती दिवस तिकडे फिरकू नये, वाहत्या पाण्यापेक्षा तुंबलेल्या जागी बरण्या लवकर का भरतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. “मॅडम, तळाचा काळा गाळ उचलायचा. वरवरचं पाणी हलवून काही गावत नाही.” ही परिसरशास्त्राची सगळी शिकवणी मी त्यांच्याकडून फुकटात घेत होते, आणि वर त्यांच्याच हातून बेसिन धुऊन घेत होते.

३. घर बांधणं बघायला लागलं की चहा गार होतो. काचेच्या बशीत पाणी, थोडा गाळ आणि एक अळी. आधी ती इकडे तिकडे वेटोळी घालत पोहते, मग एके जागी थांबते. डोक्यामागच्या आखूड पायांच्या जोडीनं गाळाचा कण ओढते, तोंडाशी नेते, धाग्यानं शेजारच्या कणाला चिकटवते. मग दुसरा कण. अंगाभोवती आधी एक कडं तयार होतं, ते वाढत वाढत नळी होते. तासाभरात आपल्याला दिसते ती चिखलाची बारीक नळी आणि तिच्या तोंडाशी मधूनच डोकावणारं तपकिरी डोकं. आत अळी शेपटाकडच्या पायांनी नळी घट्ट धरून अंग लाटेसारखं हलवत राहते, म्हणजे नळीतून पाणी खेळतं. त्या पाण्याबरोबर प्राणवायू येतो आणि खायचे कणही.

रंगाचं गुपित हिमोग्लोबिनचं. किड्यांमध्ये ते अगदी विरळा. आपल्यासारख्या तांबड्या पेशी वगैरे भानगड नाही, हिमोग्लोबिन सरळ शरीरातल्या द्रवात विरघळलेलं. ते प्राणवायूला असं चिकटून धरतं की जवळपास गुदमरलेल्या गाळातही अळीचं भागतं. मात्र सगळ्या कायरोनोमिड अळ्या लाल नसतात. हिरव्या, पांढुरक्या, पिवळट, तपकिरी अशाही असतात. गाळात राहणाऱ्या लाल तेवढ्या डोळ्यांत भरतात, म्हणून कुळाचं नाव त्यांच्यावर पडतं.

या अळीचं वयही ठिकाणावर ठरतं. चिकट जेलीत गुंफलेली अंडी, मग चार अवस्थांतून वाढणारी अळी, मग कोश, मग उडणारा किडा. आपल्याकडच्या उबदार पाण्यात कायरोनोमसचं हे सगळं महिन्याभरात उरकतं. अलास्कातल्या टुंड्राच्या डबक्यांत याच वंशाच्या दोन जातींना त्यासाठी ७ वर्षं लागतात.

४. मी ज्यानं हरखते, त्यानंच सोसायटीची मीटिंग पेटते. तिसऱ्या मजल्यावर नळातून लाल अळी आली. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, त्याखाली रागानं लाल झालेले चेहरे. “मॅडम, तुमचा विषय ना हा?” म्हणून मला पुढे केलं. मी अळी बघून “अय्या, चौथ्या अवस्थेतली आहे!” म्हणाले आणि चेअरमन माझ्याकडे बघतच राहिले. टाकीचं झाकण नीट बसत नसलं की मादी रात्रीत पाण्यावर अंडी घालून जाते. तळाला गाळ असला की अळ्यांची सोय झालीच, आणि पाण्यात टाकतो तेवढ्या क्लोरिननं नळीत बसलेली अळी मरेलच असं नाही. उपाय साधा आहे, टाकी घासून गाळ काढायचा, झाकणाला नि हवेच्या नळीला बारीक जाळी लावायची. ही अळी चावत नाही, अंगात घुसत नाही, रक्ताशी तिचा संबंध नाही, हे मी तीनतीनदा सांगितलं. एका आजोबांनी विचारलं, “म्हणजे प्यायलं तर चालेल?” यावर शास्त्र सांगत बसणं बरं नव्हे, एवढं मला कळलं.

घरी येऊन वाचताना पॅराटॅनिटार्सस ग्रिमीची गाठ पडली. या जातीत नराची गरजच नाही. माद्या नराविना अंडी घालतात, आणि पाणीपुरवठ्याच्या नळांतच बाहेर उडायला न जाता पिढ्यांमागून पिढ्या काढू शकतात. कित्येक देशांच्या पाणी खात्यांना तिनं सतावलं आहे. हे मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं नाही.

५. नाव हवं असेल तर डोकं कापावं लागतं. अळीचं शीर वेगळं करून कॉस्टिकच्या द्रावणात मऊ करायचं, आतलं मांस गेलं की रिकामी कवटी धुवायची, अल्कोहोलमधून काढायची आणि हनुवटी वर येईल अशी काचेवर बसवायची. कवटी असते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ती हट्टानं कुशीवरच झोपते. पालथी पडली तर सगळी मेहनत फुकट. हात थरथरतो, श्वास रोखला तर चष्म्यावर धुकं येतं आणि सोडला तर कवटीच उडून जाते. एवढं साधलं की हनुवटीची पट्टी दिसते, नारळाच्या खवणीसारखी दातेरी. मधला दात एक की दोन, बाजूचे किती, कुठला बुटका, कुठला शेजाऱ्याला चिकटलेला, यावर सगळी मदार.

आणि तिथेच कुलाच्या शाखा उमगतात. दातेरी पट्टीच्या दोन्ही बाजूंना रेघारेघांचे पंखे दिसले तर कायरोनोमिनी उपकुल. ते नसले, निदान तसे रेघाळ नसले, तर बहुधा ऑर्थोक्लाडिनी किंवा त्यांच्या भावकीतलं कुणी. मिशी डोक्यात मागे ओढून घेता येत असेल आणि तोंडात दातेरी जीभ असेल तर टॅनिपोडिनी. हे बहुतेक शिकारी, आपल्याच चुलत भावंडांना खाणारे. एकूण उपकुलं अकरा मानतात. काही हजारो जातींची, तर चिलेनोमायिनी चिलीतल्या आणि उसांबरोमायिनी टांझानियातल्या उसांबरा डोंगरातल्या एकाच जातीसाठी मांडलेली. एकट्यासाठी अख्खं उपकुल! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही चैन वाटली होती. आता वाटत नाही. ती एक जात कुठेच बसत नसेल, तर तिला कुणाच्या तरी घरात कोंबण्यापेक्षा हे बरं.

६. एकाच किड्याची तीन पुस्तकं असतात आणि तिन्ही एकमेकांशी बोलत नाहीत. उत्तरेकडच्या देशांतल्या कायरोनोमिडांसाठी विडरहोल्म यांनी संपादित केलेले तीन खंड या विषयातल्या लोकांच्या टेबलावर असतात. अळ्यांचा १९८३चा, कोशांचा १९८६चा आणि प्रौढ नरांचा १९८९चा. घोळ असा की जातीचं नाव बहुधा प्रौढ नरावरून, त्याच्या शेपटाकडच्या जननेंद्रियांच्या घडणीवरून पडलेलं असतं, आणि आपल्या हातात असते अळी. दोघांची गाठ घालून द्यायची तर अळी जिवंत वाढवावी लागते. तिची शेवटची कात, कोशाची कात आणि उडालेला नर, तिन्ही एकाच नळीतून मिळाले तर ओळख पक्की. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मलमलचा तुकडा बांधलेल्या परीक्षानळ्यांची रांग असते. कामाच्या मावशी त्यांना हात लावत नाहीत, आणि पाहुणे आले की खिडकीचा पडदाच लावून घेतात.

त्यात हे खंड उत्तर गोलार्धातल्या थंड देशांचे. पुण्यातली अळी घेऊन त्यांत शिरलं की चार पायऱ्या छान उतरतो आणि पाचवीला अंधार. भारतातल्या पुष्कळ जातींची पहिली वर्णनं विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच लिहिणाऱ्या किफर या धर्मगुरूनं केली, तीही प्रौढांवरून आणि मोजक्या ओळींत. पुढे बर्दवान विद्यापीठात पी. के. चौधुरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम नेटानं उचललं. आपल्या नद्यांत भेटणारी कायरोनोमस रामोसस ही जात त्यांनी सहकाऱ्यांसह १९९२ मध्ये मांडली. म्हणजे मी ती अळी बेसिनमध्ये ओतायला लागले तेव्हा तिला नावही नव्हतं. या एका विचारानं माझी अपराधी भावना किंचित कमी होते.

जुने कागद चाळताना आणखी एक धोंड. मायगेन या जर्मन कीटकतज्ज्ञानं १८०० मध्ये एक नाव दिलं, १८०३ मध्ये स्वतःच दुसरं दिलं, आणि विसाव्या शतकात मधली कित्येक वर्षं शास्त्रज्ञांची दोन घराणी तयार झाली. एक या कुलाला टेंडिपेडिडी म्हणे, दुसरं कायरोनोमिडी. १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगानं १८००ची नावं बाद केली तेव्हा कुठे भांडण मिटलं. तोवर छापलेलं पुष्कळसं अजूनही जुन्या आडनावानं दडून बसलेलं आहे.

७. किडा निघून गेला तरी मागे सोडलेल्या कातीवरून त्याचा पत्ता लागतो, हे कळलं तेव्हा मी मनातल्या मनात फुगडी घातली. कोश पृष्ठभागावर येतो, पाठीवर फाटतो, किडा उडतो आणि रिकामी पारदर्शक कात पाण्यावर तरंगत राहते. एखाद-दोन दिवसांनी ती बुडते. तोवर प्रवाह तिला काठाच्या कोपऱ्यात, अडकलेल्या फांदीपाशी, फेसात नेऊन जमवतो. म्हणजे तिथला एक डबाभर फेस गाळला की वरच्या अंगाच्या दगडांवरचे, गाळातले, शेवाळातले, आपण कधी पोचू शकलो नसतो अशा कोपऱ्यांतले भाडेकरू एकदम हजेरी लावतात. शिवाय कातीवरचे काटे, केस, पोटावरच्या ठिपक्यांच्या ओळी इतक्या नेमक्या की जात ओळखायला अळीपेक्षा त्या बऱ्या. जर्मनीतल्या ऑगस्ट थीनेमान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच या कातींचं मोल ओळखलं होतं. आज युरोपात नदीची तब्येत तपासायला ही पद्धत रीतसर वापरतात.

फेसाची मात्र आपल्याकडे ददात नाही. मुठेच्या काठी गाळणं घेऊन बसले की येणारे जाणारे थबकतात. “ताई, काय पडलं का?” एकानं तर आपणहून बाही वर केली, अंगठी शोधतोय असं समजून. कात शोधते आहे म्हटल्यावर त्यानं घाईघाईनं दोन पावलं मागे घेतली. त्याच्या डोक्यात सापाची होती.

८. ‘लाल अळ्या म्हणजे घाण पाणी’ हे गणित अर्ध्यावरच सुटतं. याची सुरुवातही थीनेमान यांच्यापासूनच. त्यांनी युरोपातली तळी तळाच्या अळ्यांवरून वाटून दाखवली. खतावलेलं पाणी, उन्हाळ्यात तळाशी प्राणवायूचा दुष्काळ, ते कायरोनोमसचं तळं. खोल, निवळ, तळाशीही श्वास घेता येणारं, ते टॅनिटार्ससचं तळं. इतकी सुरेख मांडणी मी बऱ्याच वर्षांत वाचली नव्हती. पण १९२८-२९ मध्ये ते रुटनर यांच्यासोबत जावा, सुमात्रा, बालीच्या मोहिमेवर गेले, आणि उष्ण प्रदेशातल्या तळ्यांनी वेगळाच हिशेब दाखवला. पाणी मुळात गरम, त्यात प्राणवायू कमी मावतो, कुजण्याचा वेग दांडगा. खताचा लवलेश नसला तरी खोल तळ गुदमरू शकतो. तिथे लाल अळी निघाली म्हणून तळ्यावर घाणीचा आळ कसा घ्यायचा?

मला हे उमगलं ते मात्र ओढ्यावर. पावसाळा सरताना सह्याद्रीतल्या एका ओढ्यातला दगड उचलला तर त्याच्या पाठीवर चिखलाच्या बारीक नळ्या उभ्या. प्रत्येकीच्या तोंडाशी चार-पाच ताठ काड्या, आणि भिंगातून पाहिलं तर काड्यांमध्ये ताणलेले चिकट धागे. रिओटॅनिटार्सस. वाहत्या पाण्यात जाळं लावून बसायचं, त्यात कण अडकले की जाळ्यासकट खायचे आणि नवं विणायचं. त्याच दगडावरच्या शेवाळात ऑर्थोक्लाडिनींच्या हिरवट अळ्या वळवळत होत्या. खाली शहरात पोचेपर्यंत हे सगळे एकेक करून गळतात आणि गाळात लाल तेवढे उरतात. नदीचं काय बिघडलं ते लाल अळी असण्यापेक्षा हे बाकीचे नसण्यावरून जास्त कळतं. कारखान्यांचं पाणी मिसळत असेल तर उरलेल्यांच्याही त्या दातेरी पट्टीत वेडेवाकडे, जोडलेले, गायब झालेले दात सापडतात. जड धातू आणि कीटकनाशकांच्या खुणा म्हणून जगभर हे दात मोजतात. ती काच पहिल्यांदा बघितली की जेवण जात नाही.

९. या कुलानं कुठे राहायचं सोडलंय, ते सांगणं सोपं. बैकालमध्ये हजार मीटरांहून खोल त्यांच्या अळ्या आहेत. समुद्रातही काही जाती आहेत, कायरोनोमिड म्हणजे गोडं पाणी असं समजणाऱ्यांची त्या फजिती करतात. नेपाळच्या लांगटांगमधल्या याला हिमनदीवर उणे १६ अंशांत बर्फावर चालणारा, पंख खुरटलेला डायमेसा हा किडा शिरो कोशिमा यांनी १९८४ मध्ये जगापुढे आणला. अंटार्क्टिकात बेल्जिका अंटार्क्टिका नावाचा काही मिलिमीटरचा बिनपंखी किडा राहतो, आणि पूर्णपणे जमिनीवर जगणाऱ्या प्राण्यांत त्या खंडावरचा सर्वांत मोठा तोच. पेंग्विन नि सील समुद्रावर पोसलेले, ते यात धरत नाहीत.

पण माझा जीव जडला आहे तो पॉलिपेडिलम व्हँडरप्लँकीवर. उत्तर नायजेरियातल्या कातळावरच्या उथळ खळग्यांत त्याची अळी राहते. खळगा वाळला की तीही वाळते. अंगातलं पाणी जवळजवळ सगळं जातं आणि ट्रेहॅलोज नावाची साखर पेशींमध्ये काचेसारखी गोठून सगळं जागच्या जागी धरून ठेवते. ब्रिटिश कीटकतज्ज्ञ हिंटन यांनी या कोरड्या अळ्यांना मिनिटभर १०२ अंश तापवलं, द्रव हेलियमच्या थंडीत बुडवलं, तरी पाणी मिळताच त्या हलू लागल्या. १७ वर्षं कोरड्या राहिलेल्याही उठल्या आहेत. हे वाचल्यावर आपले कातळसडे आठवणार नाहीत तर काय? मीही सड्यावरच्या खळग्यातली उन्हाळ्यातली माती पिशवीभर आणून पाण्यात भिजवली. बाहेर आले ते शिंपल्यातले इवले कवचधारी, गरागरा फिरणारे. चिलट एकही नाही. तेही काही कमी नाहीत, पण मनातून जरा खट्टू झाले खरी. तेवढ्यात कळलं की पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात आपल्या रामोससच्याच अळ्यांवर गॅमा किरण सोडून पाहिले आहेत, आणि माणूस ज्या मात्रेत वाचणार नाही तिच्या कितीतरी पट त्या सोसतात. गटारातली, मामांनी आणलेली.

लार्स ब्रुंडिन या स्वीडिश गृहस्थांनी तर दक्षिण अमेरिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथल्या थंड ओढ्यांतल्या चिलटांच्या वंशावळी जुळवल्या आणि १९६६ मध्ये दाखवून दिलं की हे सगळे भाऊबंद जमीन एकसंध होती तेव्हापासूनचे आहेत. खंडं सरकतात यावर भूगर्भशास्त्रात तेव्हा वाद चालू होता. आपला दख्खनचा तुकडाही त्याच गोंडवनातून आलेला. तो मात्र उन्हातून फार लांबचा प्रवास करून आला.

१०. वकिली करायची तर अशिलाची पुरी माहिती हवी. २०२४च्या फेब्रुवारीत पुण्यात केशवनगर-खराडीकडे नदीवर उठलेल्या किड्यांच्या खांबांचे व्हिडिओ फिरले, ‘डासांचं चक्रीवादळ’ म्हणून. सगळ्यांनी मला पाठवले, नाव विचारायला. व्हिडिओवरून नाव सांगता येत नाही, ते मघाशी सांगितलेल्या कवट्या आणि जननेंद्रियांवरून ठरतं. थव्याची रीत मात्र सांगता येते. कायरोनोमिडांचे नर एखादं झाड, खांब, वाट असं खूण म्हणून धरतात आणि तिच्यावर वरखाली नाचत राहतात. मादी त्या गर्दीत शिरते, झुपकेदार मिशा तिच्या पंखांचा सूर पकडतात. आइसलँडच्या मीवात्न तळ्यावर असे थवे धुरासारखे दिसतात, आणि तिथली टॅनिटार्ससची संख्या काही वर्षांच्या फेऱ्यात प्रचंड चढते आणि कोसळते, कारण अळ्या तळाचं अन्न स्वतःच संपवून बसतात. धुराची फवारणी अशा थव्यावर केली तर वरचे मरतात, खाली गाळात पुढची पंगत तयारच असते.

“पण ते चावत नाहीत ना?” माझंच वाक्य लोक मला ऐकवतात. नाही चावत. मात्र सुदानमध्ये नाईलकाठी ‘ग्रीन निमिट्टी’ नावाच्या चिलटानं लोकांना दम्यानं बेजार केलं आहे. मेलेल्या किड्यांची भुकटी श्वासातून जाते आणि त्रास देणारा मुख्य पदार्थ असतो त्यांचं हिमोग्लोबिन. तेच, ज्याचं कौतुक मी तिसऱ्या मुद्द्यात केलं. २००१ मध्ये इस्राएलमधल्या ब्रोझा आणि हॅल्पर्न यांनी कायरोनोमिडांच्या अंड्यांच्या जेलीवर पटकीचे जंतू पोसले जातात हेही दाखवलं. हे सगळं वाचल्यापासून काकूंनी बॅट उचलली की मी गप्प बसते. फक्त जिन्यातला रात्रभर जळणारा पांढरा दिवा बदलून मंद पिवळा लावायला सांगितलं, तो त्यांनी लावला.

११. चिलटाचं आयुष्य दोन दिवसांचं, पण त्याची कवटी हजारो वर्षं टिकते. तळ्याच्या गाळात थरांवर थर साचतात आणि कायटिनची ती कवटी कुजत नाही. गाळाचा उभा नमुना काढायचा, थराथरातल्या कवट्या वेचायच्या, कुठल्या काळी थंडीवाल्या जाती होत्या आणि कधी उबेच्या आल्या ते मांडायचं, म्हणजे त्या त्या काळचा उन्हाळा किती तापला होता याचा अंदाज येतो. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिकच्या परिसरात अचानक परतलेली थंडी अशा कवट्यांनीही सांगितली आहे. सगळी मदार पुन्हा त्याच दातेरी पट्टीवर. हे कळल्यापासून माझ्या टेबलावरच्या डब्यातल्या कवट्यांकडे मी अदबीनं बघते.

१२. ‘जाती ३’ असं लिहायला लाज वाटू नये, हे शिकायला मला सर्वांत वेळ लागला. माझ्या कपाटात छोट्या बाटल्यांवर तशीच लेबलं आहेत: पॉलिपेडिलम जाती १, जाती २, टॅनिटार्सस जाती ३. शिक्षकी पेशात ‘माहीत नाही’ म्हणायची सवय नसते, मुलं लगेच एकमेकांकडे बघतात. इथे मात्र विषयातली मोठमोठी माणसंही लेख छापताना असंच लिहितात आणि रात्री शांत झोपतात. जाती ३ची अळी आहे, कोशाची कातही आहे, नर तेवढा हाती लागत नाही. दर वेळी नळीतून मादीच निघते. या थंडीत पाषाण तळ्याच्या वरच्या अंगाला पुन्हा जाऊन बघणार आहे. तोवर बाटल्यांतलं अल्कोहोल उडतं ते भरत राहायचं, आणि मावशींना सांगत राहायचं की ते टर्पेंटाइन नाही, खिडक्या पुसायला नेऊ नका.